केवड्याचं पाखरू

रिद्धी चुरी खुर्चीत नीट टेकलीही नव्हती, तोच तिनं सांगून टाकलं, "माझा नवरा तोंडाचा फाटका आहे. चारचौघांत कुणालाही मारायची धमकी देतो. पण खून त्यानं केलेला नाही."

ज्युली डाबरेनं पंखा कमी केला. वसईत पारनाक्याजवळ, एका बेकरीच्या माळ्यावर तिचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. आधी ती विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडायची. त्या कामानं तिला एक वाईट खोड लागली होती. समोरचं माणूस रडायला लागलं की ती डोळ्यांकडे न बघता हातांकडे बघायची. रिद्धीचे हात ओढणीच्या टोकाला गाठ मारत होते, सोडत होते, परत मारत होते.

"बायको नवऱ्यासाठी असं म्हणणारच की," कोपऱ्यातून कौस्तुभ पेडणेकर म्हणाला. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला हा गृहस्थ ज्युलीचा साहाय्यक. स्कूटर फर्मास चालवायचा, डोकं जरा सावकाश चालवायचा. पण माणूस सोन्यासारखा, हेही सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर उगाच रुसायचा.

"तुम्ही पहिल्यापासून सांगा," ज्युली म्हणाली.

कळंबच्या अलीकडे चुरी भावांची वाडी होती. सोनचाफा, पानवेल, नारळ आणि मधोमध गोड्या पाण्याचं मोठं बावखल. थोरला परेश, रिद्धीचा नवरा, वालीवला प्लॅस्टिकचा छोटा कारखाना चालवायचा. वाडी विकायची आणि तिथं सुट्टीची कॉटेजेस होऊ द्यायची, हा त्याचा हेका. धाकटा प्रणव वाडीतच राहायचा, वाडीवरच जगायचा. तो म्हणायचा, माझ्या प्रेतावरून विका. दोघांत हे भांडण जुनंच होतं. त्यात आत्माराम सामंत सर आले.

"फुलपाड्यातले निवृत्त प्राध्यापक," रिद्धी म्हणाली. "पतंगांचं वेड. रात्री दिव्यासमोर पांढरी चादर टांगून बसायचे. मागच्या महिन्यात त्यांना आमच्या वाडीत एक पतंग सापडला. एवढासा, नखाएवढा. राखी रंग आणि पंखावर तांब्याची रेघ. ते त्याला तांबपट्टी म्हणायचे. जगात फक्त आपल्या देशात आहे म्हणे, आणि तोही खाली वेंगुर्ल्याकडे, केवड्याच्या बनात. तो आमच्या कुंपणाच्या केवड्यात निघाला! सरांनी वर वनखात्याला कळवलं, विक्री थांबली."

"आणि तुमच्या नवऱ्याचं डोकं फिरलं."

"फिरलं. संध्याकाळी सर चादर लावत होते, तेव्हा सगळ्यांदेखत ओरडला, तुम्हाला याच बावखलात बुडवीन. सकाळी सर त्याच बावखलात मिळाले." तिनं ओढणीची गाठ करकचून ओढली. "पोलिसांनी याला उचललं. माझी पोरगी शाळेत जात नाही हो. वर्गातली पोरं तिला खुन्याची पोर म्हणतात."

ज्युलीनं गाडीची किल्ली कौस्तुभच्या दिशेनं फेकली. काम घेतलं, असं ती कधी तोंडानं सांगत नसे.

---

प्रणव चुरी वाडीच्या फाटकाशीच भेटला. सडपातळ, मऊ बोलणारा माणूस. डोळे सुजलेले.

"दादा तोंडाळ आहे. पण तो असं काही करेल..." त्यानं फाटक उघडलं. "मी काय बोलू ताई? एकीकडे सर, एकीकडे सख्खा भाऊ."

"त्या रात्री तुम्ही कुठं होतात?"

"गावात चुलतभावाची हळद होती. रात्रभर नाचलो. अख्खं गाव सांगेल. रखमाबाईनं बोंब मारली तेव्हा धावत आलो."

ही गोष्ट खरीच होती. अख्ख्या गावानं ती नंतर सांगितलीसुद्धा, आणि प्रत्येकानं स्वतः कसा नाचलो हेही सांगितलं.

वाडी सुरेख राखलेली होती. पानवेली सरळ रांगेत, प्रत्येक वेल आधाराच्या काठीला केळीच्या सुक्या सोपटानं बांधलेली. पट्टी वेलीभोवती सैल फिरवायची, पीळ द्यायचा आणि टोक मागे खोचायचं, म्हणजे वेल जाड झाली तरी काचत नाही. ओट्याजवळ सुपारीची रोपं पिशव्यांत उभी होती.

"अरेच्या, ही तर आमच्याकडची!" कौस्तुभ खूश झाला. "ही लाल माती बघा मॅडम. आमच्या वेंगुर्ल्याची."

"तिकडूनच आणली, दिवाळीनंतर," प्रणव म्हणाला. "स्वतः जाऊन निवडून आणली."

"मग! रोप घ्यावं तर आमच्याकडनंच."

ज्युली तोवर केवड्याच्या कुंपणात शिरली होती. काट्यांनी हात ओरबाडले तरी एकेक पान उलटंपालटं करून बघत होती.

"काय शोधताय?" प्रणवनं विचारलं.

"एखादं खराब पान."

"मिळायचं नाही," तो अभिमानानं म्हणाला. "आमच्या केवड्याला कीड म्हणून ठाऊक नाही."

"खरंच की. एकही नाही." ज्युली काटे झटकत बाहेर आली.

बावखल हिरवंगार आणि खोल होतं. उतरायच्या पायऱ्या शेवाळलेल्या. काठावर एका नारळापासून चाफ्यापर्यंत दोरी बांधलेली होती. सरांची चादर तिथं टांगलेली असायची. चादर आणि दिवा पोलिसांनी नेला होता. दोरीवर मात्र सोपटाच्या दोन सैल कड्या उरल्या होत्या. ज्युलीनं त्या बोटानं हलवून बघितल्या.

"त्यात काय मॅडम?" कौस्तुभ म्हणाला. "वाडीभर हेच लोंबतंय."

"म्हणून तर कुणी बघितलं नाही," ती म्हणाली. कौस्तुभला काही कळलं नाही, आणि कळलं नाही असं म्हणायची त्याला लाज वाटली.

रखमाबाई फुलं तोडायला येणारी बाई. प्रेत तिनंच पाहिलं होतं.

"मी आली सकालची फुला तोडायला," ती सांगू लागली. "उजाडलेला. दिवा जलतच होता, चादर टांगलेली. झाडांना बघतंय तर तोडायला फूल नाय! बावखलाकडची सगली झाडा कोनीतरी आधीच तोडलेली. म्हटला, मेला चोर आला. मग पान्यात नजर गेली." तिनं पदर तोंडाला लावला. "मास्तर. आनि भोवती चाफ्याच्या कल्या. मिटलेल्या, पिवल्याधमक. बापडा फुलांत निजल्यावानी वाटला."

"झाडावरून पडल्या असतील," कौस्तुभ म्हणाला.

"चाफ्याच्या पाकल्या गलतात दादा. कली कशी गलंल?"

"चादरीवर काय होतं?" ज्युलीनं विचारलं.

"काय नाय. कोरी. धुतल्यावानी."

"आणि खाली जमिनीवर? किडे, तुटके पंख?"

"सारवल्यावानी साफ."

---

फुलपाड्यातल्या घरात सरांच्या फोटोला सोनचाफ्याचा ताजा हार होता. "प्रणव पाठवतो, रोज," सुनंदाबाई म्हणाल्या. सरांच्या पत्नी. त्यांच्याजवळ संकेत बसला होता, सरांचा विद्यार्थी. त्याची दाढी वाढलेली, आवाज चिडका.

"मी सरांबरोबर दिवा लावला आणि मग घरी आलो. सर एकटेच थांबायचे, उजाडेपर्यंत," तो म्हणाला. "उजाडलं की चादर झटकायची हा त्यांचा नियम. नाहीतर दयाळ आणि कोतवाल येऊन चादरीवरच न्याहारी करतात. खाली नुसता पंखांचा सडा. सरांना ते बघवायचं नाही. म्हणायचे, पाहुणे बोलावलेत, तर जिवंत घरी पाठवा."

"त्या संध्याकाळी सर कसे होते?"

संकेतनं मान फिरवली. "विचित्र. म्हणाले, संकेत, आपण घाई केली. मी म्हटलं, आता काय मागे घ्यायचं? शोधावर माझंही नाव होतं. आमचं थोडं वाजलं."

कौस्तुभनं ज्युलीकडे अर्थपूर्ण नजर टाकली. ज्युलीनं ती परत केली नाही.

सुनंदाबाईंनी एक पिशवी आणली. सरांच्या सदऱ्याच्या खिशातल्या वस्तू पोलिसांनी परत दिल्या होत्या. चष्मा, घराची किल्ली, कपडे वाळत घालायचे प्लॅस्टिकचे चिमटे आणि एक तपकिरीची जुनी डबी.

"चिमटे माझे," त्या म्हणाल्या. "चादर दोरीला लावायला न्यायचे नि तिथंच विसरायचे. मी एकदा फार बोलले. तेव्हापासून चादर काढली की आधी चिमटे खिशात." त्या हसायला गेल्या आणि ते जमलं नाही. "उगाच बोलले हो. चिमट्यांवरून काय बोलायचं माणसाला?"

ज्युलीनं त्यांचा हात धरला. मग डबी उघडली. आत केवड्याच्या पानाचा तुकडा होता, त्यावर एक रिकामा कोष आणि कोषाभोवती एक तपकिरी धागा.

"पानाचाच तंतू असेल," संकेत म्हणाला.

"या पतंगाबद्दल गावात कुणाला माहिती होती? सापडायच्या आधी?"

"सगळ्यांना. गेल्या वर्षी सरांनी गावच्या देवळात फोटो दाखवले होते. असा दुर्मीळ जीव वाडीत असता तर वाडीला कुणी हात लावला नसता, असं म्हणाले होते."

जिन्यात कौस्तुभला राहवेना. "हा पोरगाच! नाव जाणार म्हणून..."

"कौस्तुभराव, हा पोरगा त्या चादरीचे सगळे नियम पाठ म्हणतो. म्हणूनच हा नव्हे."

"म्हणजे?"

"आता परेशला भेटायचं."

परेश चुरी कोठडीतही गुरगुरत होता. "दिली धमकी! मग? रात्रभर किनाऱ्यावर गाडीत बसून प्यायलो. एकटा. कोंबडं आरवायच्या आत वालीवला कारखान्यात जाऊन झोपलो. वॉचमननं गेट उघडलं, त्यालाच शिव्या घातल्या. पण पोलीस म्हणतात म्हातारा रात्रीच मेला. रात्रीचं मी कुणाला आणून दाखवू, समुद्राला?"

"भाऊ भेटायला आला होता?"

त्याचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. "नाही. तो मला खुनी समजतो. लहान असताना त्याला पोहायला त्याच बावखलात मी शिकवलं हो."

---

चार-पाच दिवसांनी, सकाळी, सगळे वाडीत जमले. तपास अधिकारी नाखुशीनं आले होते. रिद्धी, सुनंदाबाई, संकेत, रखमाबाई. प्रणव चाफ्याखाली उभा होता, हातात फुलं तोडायची आकडी.

नारळापासून चाफ्यापर्यंत परत पांढरी चादर टांगलेली होती आणि दिवा अजून जळत होता.

"हा आम्ही काल तिन्हीसांजेला लावला," ज्युली म्हणाली. "रात्रभर कुणी हात लावलेला नाही. बघा."

चादर पांढरी उरली नव्हती. पतंग, भुंगे, चिलटं खच्चून बसली होती. एक कोतवाल अजून झडप घालत होता. खाली जमिनीवर तुटक्या पंखांचा सडा पडला होता.

"साहेब, तुमचं म्हणणं, सर रात्रीच मेले, कारण चादर टांगलेली होती आणि दिवा जळत होता. मग त्या सकाळची चादर अशी दिसायला हवी होती. रखमाबाईनं काय पाहिलं? कोरी चादर आणि साफ जमीन. म्हणजे उजाडेस्तोवर सर जिवंत होते. त्यांनी नियमाप्रमाणे चादर झटकली, काढली, चिमटे खिशात टाकले. ते चिमटे त्यांच्याबरोबर पाण्यात गेले."

"मग चादर परत कुणी टांगली?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"ज्याला मरण रात्रीचंच ठरवायचं होतं त्यानं. रात्री तो शेकडो माणसांत नाचत होता, पहाटे नव्हता. दिवा पुन्हा लावला, चादर घेतली, पण चिमटे कुठायत? पाण्यात. अशा वेळी तुम्ही-आम्ही काय केलं असतं? चादर नुसती दोरीवर टाकली असती. वाडीच्या माणसाचा हात मात्र आपोआप सोपटाकडे गेला. वेल बांधतात तशी त्यानं चादर बांधली. सैल फिरवून, पीळ देऊन, टोक मागे खोचून. चादर काही जाड होणार नव्हती, पण हाताला दुसरं येतच नाही."

कौस्तुभ दोरीवरच्या त्या कड्यांकडे बघत राहिला. त्या दिवशी लोंबतंय म्हणाला होता तो.

"संकेत असता तर त्यानं चादर कोरी ठेवली नसती, त्याला ठाऊक होतं सकाळी ती कशी दिसते. परेशला सोपट बांधता येईलही, पण पहाटेपासून तो वालीवला होता, वॉचमन साक्षीला आहे. राहिला चाफा. हळद असो की मयत, चाफा कळी उमलायच्या आत तोडावाच लागतो. त्या पहाटे बावखलाकडची झाडं कुणीतरी तोडली होती. रखमाबाईला चोर वाटला. चोर फुलं घेऊन जातो, पाण्यात सांडत नाही. मिटलेल्या कळ्या सरांभोवती तरंगत होत्या, कारण सर पडले तेव्हा तोडणाऱ्याची टोपली कलंडली."

"पण का?" सुनंदाबाई ओरडल्या. "प्रणवच्या बाजूनं होते ना ते? त्याची वाडी वाचवत होते!"

"वाचवत होते, त्या संध्याकाळपर्यंत." ज्युलीचा आवाज खाली आला. "मी हा केवडा पान न पान बघितला. अळीनं खाल्लेलं एकही पान नव्हतं. तांबपट्टीची पाखरं इथं जन्मली, तर अळ्या जेवल्या कुठं? सरांनाही तेच दिसलं असणार. मग त्यांना हा कोष सापडला. या पानाच्या तुकड्याला सोपटाच्या धाग्यानं बांधलेला. पाखरं इथली नव्हतीच. कुणीतरी वेंगुर्ल्याच्या केवड्यातून कोष आणून इथं बांधले. सुपारीची रोपं आणायला गेलेल्यानं."

प्रणव एवढा वेळ हलला नव्हता. आता तो पायरीवर खाली बसला.

"पहाटे फुलं तोडायला आलो, तर सरांनी तो कोष दाखवला. मी हात जोडले," तो म्हणाला. "सर, तुम्ही गप्प बसा, एवढंच. नाहीतर इथं सिमेंट पडेल. ते म्हणाले, प्रणव, वाडी राहावी असं मलाही वाटतं, पण मी खोटं लिहिणार नाही. सगळं मागे घेतो. आणि वळले. मी ढकललं. मारायला नाही हो, देवाशपथ. नुसतं थांबवायला. शेवाळ होतं."

"त्यांना पोहता येत नव्हतं," सुनंदाबाई पुटपुटल्या.

"नव्हतं." प्रणवनं हातातल्या आकडीकडे पाहिलं. लांब, मजबूत, टोकाला वाकलेली. "ही माझ्या हातात होती. पुढे केली असती तर त्यांनी धरली असती. मी उभा राहिलो."

रखमाबाईनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"आणि भाऊ?" रिद्धी पुढे आली. "त्याला फासावर जाऊ देणार होतात? माझी पोरगी, तुम्हाला काका म्हणते ती!"

"तो सुटलाच असता, पुरावा काही नव्हता..." ते त्यालाही पटलं नसावं. "तो वाडी विकणार होता वहिनी," एवढंच तो शेवटी म्हणाला.

अधिकाऱ्यांनी त्याच्या हातून आकडी काढून घेतली. फाटकाशी पोचेपर्यंत तो वेलींकडे बघत होता. एका वेलीची पट्टी सुटली होती. ती बांधायला त्याचा हात पुढे गेला, शिपायानं मागे ओढला.

सुनंदाबाई बावखलापाशी गेल्या नाहीत. त्या केवड्यापाशी गेल्या. "शेवटी त्यांनी हेच बघितलं ना?" म्हणाल्या. मग वाकल्या. "संकेत, हे काय रे?"

केवड्याच्या कोवळ्या पानाची कड कुरतडलेली होती. खालच्या बाजूला हिरवट, केसाएवढी अळी. शेजारच्या पानावर आणखी दोन.

संकेत गुडघ्यांवर बसला. "तांबपट्टीच्याच," तो म्हणाला. "आणलेल्या पाखरांनी अंडी घातली. ती इथं राहिली, काकू. आता ती खरंच इथली होतील." त्यानं मान वर केली. "हे नुसतं एवढंच लिहिलं, की इथं अळ्या आहेत, तर वाडी वाचेल. तेही खरंच आहे की."

कौस्तुभ ज्युलीकडे बघू लागला. ज्युली केवड्याकडे. तिला या प्रश्नाचं उत्तर नको होतं, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"आणलेली आहेत, हेही लिही," सुनंदाबाई म्हणाल्या.

"मग वाडी जाईल."

"जाईल." त्यांनी डोळे पुसले. "त्यांनी जिवावर उदार होऊन जे लिहायचं ठरवलं, ते तू अर्धं लिहिणार का?"

संकेतनं फोन काढला. वारा सुटला होता आणि पान हलत होतं. फोटो होईपर्यंत सुनंदाबाईंनी ते पान दोन बोटांत धरून ठेवलं, काटे लागले तरी सोडलं नाही.